आल्याची घरगुती बिअर: मुंबईच्या स्वयंपाकघरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा लागला की आमच्या फ्रीजच्या दारातल्या बाटल्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर पडते आणि तेच तेच प्रश्न सुरू होतात. दादरच्या आमच्या वन रूम किचनमध्ये मी आठ वर्षं आल्याची बिअर करते आहे. फोनवर उत्तरं देऊन देऊन घसा बसला, म्हणून एकदाची लिहून काढली. जो प्रश्न जास्त वेळा आला तो आधी घेतला आहे, बाकी क्रमाचं फारसं मनावर घेऊ नका.

नावात बिअर आहे. म्हणजे ही दारूच ना?

सासूबाईंचा पहिला प्रश्न हाच होता, आणि तोही वाडीतल्या चार बायकांसमोर. नेहमीच्या बिअरला बार्लीचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले दाणे, आणि हॉप्स नावाची कडू फुलं लागतात. यात दोन्ही नाहीत. आलं, साखर, लिंबू आणि पाणी, एवढंच सामान. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये लोक हे घरोघरी करायचे आणि चिनीमातीच्या जाड बाटल्यांत भरून ठेवायचे. तिथूनच 'जिंजर बिअर' हे नाव चिकटलं.

बाजारात मिळणारं जिंजर एल वेगळं. त्यात आल्याचा स्वाद घातलेल्या पाण्यात वायू दाबून भरतात. मुंबईला ही सोड्याची चव फार जुनी: पालनजींची रास्पबेरी १८६५ पासूनची, ड्यूक्स १८८९ पासूनचं. गोटी सोड्याची ती गळ्यात गोटी अडकवलेली बाटलीही हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ च्या सुमारास काढलेली. पण त्या सगळ्यांत वायू यंत्राने भरलेला असतो. आपल्या बाटलीत तो यीस्ट करतं, बाटलीच्या आत बसून, आपण झोपलेलो असताना. सगळी गंमत तिथे आहे आणि सगळी भानगडही तिथेच.

मग बिअरचं किट आणून खरी बिअरच का करत नाही?

मेलबर्नचा भाचा एकदा ते किट घेऊन आला होता. १.७ किलोचा डबा, आत काकवीसारखा दाट, काळपट माल्टचा अर्क, आणि झाकणाखाली सुक्या यीस्टची पुडी. म्हणजे बार्ली भिजवून, मोड आणून, तिचा गोड काढा करून, हॉप्स घालून तो आटवायचं किचकट काम कारखान्याने आधीच उरकलेलं. आपण डबा गरम पाण्यात विरघळवायचा, किलोभर साखर घालायची, पाण्याने २३ लिटर करायचं, यीस्ट टाकायचं आणि आठवडा-दोन आठवडे वाट बघायची. मग बाटल्यांत चिमूट चिमूट साखर घालून पुन्हा दोन आठवडे. त्याच्या गॅरेजमध्ये हे सुरळीत चालतं.

मुंबईत दोन अडचणी. पहिली कायद्याची: महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू तयार करणं हा गुन्हा आहे, आणि 'घरच्यापुरती' ही सबब तिथे चालत नाही. ब्रिटनने घरी बिअर करायला लागणारा परवाना १९६३ मध्ये काढून टाकला, अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा बदलला. त्यांची पुस्तकं वाचून आपल्याकडेही तसंच असेल असं समजू नका. दुसरी अडचण उकाड्याची. किटमधल्या बहुतेक यीस्टना विशीच्या आसपासचं तापमान हवं असतं. तिशीत ते चवताळल्यासारखं काम करतं आणि बिअरला पिकलेल्या केळ्याचा, कधी कधी तर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. म्हणजे कायदा आड आला नसता तरी एक अख्खा फ्रीज त्यासाठी अडकवावा लागला असता, आणि आमच्याकडे भाजीलाच जागा पुरत नाही.

भाच्याने आणलेल्या दोन डब्यांपैकी एक अजून माळ्यावर आहे. माल्ट आहे तर दुधात घालून बघू, म्हणून एकदा दुसरा फोडला होता. हॉप्समुळे तो कडू जहर असतो हे तेव्हा कळलं.

या आल्याच्या बिअरमध्ये अल्कोहोल अजिबात नसतं का?

असतं, थोडं. 'अजिबात नाही' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. यीस्ट साखर खातं तेव्हा तिचा साधारण अर्धा भाग वायू होतो आणि अर्धा अल्कोहोल. एक बनलं की दुसरं बनणारच. नीरा केंद्रावर सकाळी प्यायलेली गोड नीरा दुपारपर्यंत ताडीकडे झुकते, तोच हा प्रकार.

माझ्या प्रमाणात एका लिटरला ७५ ग्रॅम साखर पडते. बाटलीत चांगला फेस येण्यापुरती त्यातली दहा ग्रॅम खाल्ली जाते. त्यातून पाच ग्रॅम वायू आणि पाच ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे आकारमानाने अर्धा-पाऊण टक्का. नेहमीची बिअर पाच टक्क्यांच्या आसपास असते. पण बाटली बाहेरच ठेवली, झाकण सैल करून वायू जाऊ दिला आणि यीस्टने सगळी ७५ ग्रॅम साखर फस्त केली, तर हिशेबाने तुम्ही त्याच पाच टक्क्यांपाशी पोचता. मग ती नावापुरती बिअर राहत नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांत ०.५ टक्क्यांपुढचं पेय मद्यात जमा होतं, आणि दारूबंदीच्या कायद्यातली मद्याची व्याख्या तर त्याहून रुंद आहे: अल्कोहोल असलेला कुठलाही द्रव. म्हणून मी लवकर थांबवते, थोडी करते, आणि विकत तर कधीच देत नाही. आल्याची बिअर करायला काही लागत नाही हो. ती वेळेवर थांबवता आली पाहिजे.

कोणाला देऊ नये?

गरोदर बाई, लहान मुलं, लिव्हरचा त्रास असलेले, दारू सोडलेले किंवा सोडायच्या खटपटीत असलेले. ज्यांच्या गोळ्यांबरोबर डॉक्टरांनी दारू वर्ज्य सांगितली आहे त्यांनाही नाही. पोट बिघडल्यावर देतात ती मेट्रोनिडाझोल त्यांतलीच. धर्माने किंवा व्रताने जे घेत नाहीत त्यांना आधी स्पष्ट सांगायचं आणि मग त्यांचं ते ठरवतील. 'अगं, सरबतच आहे' म्हणून पुढे करणं मला पटत नाही. मुलांसाठी मी त्याच आलं-साखरेच्या काढ्यात थंड सोडा ओतते, त्यांना फरक कळत नाही.

सुरुवात कशी करायची? ते 'बग' म्हणतात ते काय?

परदेशी लोक त्याला जिंजर बग म्हणतात. किडा म्हटल्यावर घरात कोण हात लावणार? आम्ही विरजण म्हणतो, आणि तो शब्द जास्त बरोबरही आहे.

लिटरभर मावेल अशी काचेची बरणी घ्या. धुऊन उकळतं पाणी फिरवून सुकवा. त्यात अर्धा लिटर पाणी, दोन मोठे चमचे सालासकट किसलेलं आलं, दोन मोठे चमचे साखर. ढवळा. वरून मलमलचं दुहेरी फडकं रबराने बांधा. रोज सकाळी एक चमचा आलं, एक चमचा साखर घाला आणि दिवसातून दोन-तीनदा ढवळा. साल काढायची नाही, कारण आपल्याला हवे असलेले जंगली यीस्ट आणि जिवाणू सालावरच असतात.

पहिल्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ दिसतं. मग एका सकाळी ढवळताना सुर्रर्र आवाज येतो, किस वर तरंगायला लागतो, कडेने बारीक बुडबुडे धरतात आणि वास निव्वळ आल्याचा न राहता ताज्या पावासारखा, किंचित आंबूस होतो. विरजण लागलं. एप्रिल-मेमध्ये हे तिसऱ्या दिवशी होतं, जानेवारीत पाच-सहा दिवस लागतात. इडलीचं पीठ कधी वर येईल याचा ज्यांना अंदाज आहे त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही.

इंग्लंडमधलं जुनं विरजण जरा निराळं होतं. त्याचे साबुदाण्यासारखे पांढुरके दाणे असत आणि शेजारणी ते एकमेकींना देत. हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९२ मध्ये त्यावर मोठा निबंध छापला आणि दाखवलं की त्या दाण्यांत यीस्ट आणि जिवाणू एकमेकांच्या आधाराने राहतात. आपल्या बरणीत दाणे होत नाहीत, संसार मात्र तसाच असतो.

आलं कुठलं घ्यावं?

माती लागलेलं. दादरच्या भाजीवाल्यांकडे दोन ढीग असतात: एक चकचकीत धुतलेलं आणि एक मातकट, वाकडंतिकडं. दुसरं घ्या आणि घरी स्वच्छ धुवा. साताऱ्याकडचं आलं आलं असेल तर उत्तम. हिवाळ्यात नवं आलं येतं. ते पातळ सालीचं, रसाळ आणि सौम्य असतं, विरजणाला छान. बिअरला मात्र जुनं, दोरे निघणारं आलं हवं. त्याचा झणका वेगळाच. सुंठेत तिखटपणा जास्त असतो, कारण आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉल या तिखट घटकाचं शोगाओल होतं आणि ते जास्त जहाल लागतं. काढ्यात पाव चमचा सुंठ घातली की घशाशी जाळ होतो तो त्यामुळे. आलं फार वेळ उकळलं तर उलट होतं, तिखटपणा मवाळ पडतो.

नळाचं पाणी चालतं का?

चालतं, पण थेट नाही. भातसा, तानसा, वैतरणा करत आपल्यापर्यंत येणारं पाणी क्लोरीन घातलेलं असतं. रोगजंतू मारायला घातलेलं क्लोरीन आपलं विरजणही सोडत नाही. पावसाळ्यात पाण्याला तो वास जास्त जाणवतो, त्या दिवसांत हटकून विरजण रुसतं. पाणी दहा मिनिटं उकळून पूर्ण गार करा. फिल्टरचं पाणी असेल तर प्रश्नच नाही.

साखरेऐवजी गूळ किंवा शुगर-फ्री?

गूळ चालतो आणि जोरात चालतो, कारण त्यातले क्षार यीस्टला मानवतात. पण बिअर गढूळ, तपकिरी होते आणि काकवीची चव आल्याच्या चवीवर बसते. मला निम्मी साखर, निम्मा गूळ आवडतो. गुळाची असेल तेव्हा घड्याळाकडे जास्त लक्ष ठेवा.

शुगर-फ्रीच्या गोळ्या यीस्टला खाता येत नाहीत, त्यामुळे फेस येणार नाही. मधुमेह असणाऱ्यांनी 'यीस्टने साखर खाल्ली' या समजुतीत राहू नये. आपण लवकर थांबवतो तेव्हा बहुतेक साखर तशीच असते. दोनशे मिलीच्या ग्लासात बारा-तेरा ग्रॅम. कोलाच्या तेवढ्याच ग्लासात वीसएक ग्रॅम असते, पण हे काही औषध नव्हे.

प्रत्यक्ष कृती सांगा ना.

दोन लिटरसाठी: १२० ग्रॅम आलं, १५० ग्रॅम साखर, दोन रसदार लिंबं, अर्धी वाटी गाळलेलं विरजण, चिमूटभर मीठ.

आलं खलबत्त्यात ठेचा. मिक्सरला लावलं तरी चालेल, पण ठेचलेल्याचा काढा स्वच्छ निघतो. एक लिटर पाण्यात आलं आणि साखर घालून दहा मिनिटं उकळा, झाकण ठेवून अर्धा तास मुरू द्या. गाळा. त्यात उकळून गार केलेलं उरलेलं पाणी घाला. आता थांबा. इथे सगळ्यांना घाई होते. पातेलं हाताला कोमटसुद्धा लागता कामा नये, नाहीतर विरजण मरतं आणि मग 'तुमची रेसिपी चुकीची आहे' म्हणून मला फोन येतो. पूर्ण गार झाल्यावर लिंबाचा रस, मीठ आणि विरजण घालून ढवळा. चाखून बघा: या क्षणी ते तुम्हाला हवं त्याहून थोडं जास्त गोड लागलं पाहिजे. बाटल्यांत भरा, वर चार बोटं जागा सोडा, झाकण घट्ट लावा, बाटलीवर तारीख आणि वेळ लिहा. वेळसुद्धा. मुंबईत नुसत्या तारखेवर भागत नाही.

विरजणातून जेवढं पाणी काढलं तेवढं परत घाला, चमचाभर आलं-साखर घाला, ते पुन्हा कामाला लागतं.

बाहेर किती वेळ ठेवायची?

इंग्रजी पुस्तकांत तीन ते सात दिवस लिहिलेलं असतं. ते त्यांच्या थंड स्वयंपाकघरांचं माप आहे. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा सत्तावीसच्या फारसा खाली उतरत नाही, आणि दुपारी गॅस चालू असताना ओट्यापाशी किती होतं ते सांगायलाच नको. माझा अंदाज असा: मेमध्ये अठरा ते चोवीस तास, पावसाळ्यात एक ते दीड दिवस, जानेवारीत दोन ते तीन दिवस. गुळाची असेल तर यातला पाव भाग कमी.

पण तासांपेक्षा बाटलीवर विश्वास ठेवा. कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली वापरली की अंगठ्याने दाबून कळतं. भरताना मऊ असते. तिच्यात आणि दुकानातल्या न उघडलेल्या बाटलीत फरक लागेनासा झाला, दगडासारखी टणक झाली, की त्याच मिनिटाला फ्रीजमध्ये. जेवण झाल्यावर ठेवू, मालिका संपल्यावर ठेवू, असं नाही. ऑफिसला जाणाऱ्यांनी संध्याकाळी सातला भरावी म्हणजे रात्री झोपताना, सकाळी निघताना आणि परत आल्यावर असं तीनदा दाबून बघता येतं. उन्हाळ्यात सकाळी भरून लोकल पकडली तर संध्याकाळपर्यंत बारा तास तिच्याकडे बघायला कोणी नसतं.

फ्रीजमध्ये यीस्ट पेंगतं, मरत नाही. निदान दहा-बारा तास थंड होऊ द्या. थंड पाण्यात वायू नीट मुरतो. कोमट बाटली उघडली तर अर्धी जमिनीवर.

काचेच्या बाटल्या चालतील? फुटण्याची भीती खरी आहे का?

खरी आहे. आधी हिशेब बघा. दहा ग्रॅम साखर खाल्ली तर लिटरच्या बाटलीत साधारण अडीच लिटर वायू दाबून बसतो, हा नेहमीच्या कोल्ड्रिंकपेक्षा थोडा कमी दाब. सगळी ७५ ग्रॅम खाल्ली गेली तर एकोणीस लिटर होईल. तेवढं सोसणारी बाटली घरात नसते.

तिसऱ्या वर्षी मी दिसायला सुंदर, तारेच्या बुचाची चौकोनी काचेची बाटली शोभेच्या वस्तूंच्या दुकानातून आणली. चिपळूणला लग्न होतं. दोन दिवसांत येतोच, म्हणून ती ओट्यावर राहिली; मे महिना, खिडक्या बंद. परत आलो तर शेजारच्या काकू दारातच उभ्या. रात्री अडीचला सिलेंडर फुटल्यासारखा आवाज झाला म्हणून त्यांनी अख्खा मजला उठवला होता. आत काचांचे तुकडे भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये घुसलेले. कोणी घरात नव्हतं म्हणून निभावलं. चौकोनी काच दाबाला सगळ्यात कच्ची, कारण सगळा ताण कोपऱ्यांवर येतो. आणि शोभेची बाटली दाबासाठी केलेलीच नसते, तारेचं बूच बघून फसू नका.

तेव्हापासून फक्त कोल्ड्रिंक किंवा सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या. त्या दाबासाठीच केलेल्या असतात आणि फारच ताणल्या तर बहुधा फुगून, बूड बाहेर येऊन इशारा देतात. मिनरल वॉटरची पातळ बाटली नको. आणि बाटल्या पातेल्यात किंवा बादलीत उभ्या ठेवा, वरून जाड टॉवेल टाका.

फेसच आला नाही. काय चुकलं?

बहुतेक वेळा तीनांपैकी एक: विरजण जोमात नव्हतं, काढा गरम होता, किंवा झाकण गळतं. जुनं झाकण दहा-बारा वेळा वापरलं की आतली चकती ढिली पडते. बाटली उलटी करून दाबा, थेंब आला तर झाकण बदला. विरजणाचं म्हणाल तर आलं-साखर घातल्यावर सहा-आठ तासांत, ऐन उसळीत असताना वापरा. दोन दिवस उपाशी ठेवलेलं विरजण आळशी असतं. पावसाळी गार हवेत नुसता एक दिवस जास्त दिला तरी अनेकदा काम होतं.

विरजणावर पांढरा थर आला आहे. फेकू का?

पातळ, सुरकुतलेला, सायीसारखा थर असेल तर तो हवेवर वाढणारा यीस्टचा एक प्रकार. अपाय करत नाही, पण चव बिघडवतो; काढून टाका आणि ढवळायचा आळस सोडा. लोकरीसारखे केस असलेली, हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली तर सगळंच मोरीत ओता. वरची बुरशी काढून खालचं वापरायचं नाही.

कधी कधी विरजण पाकासारखं तार धरतं, चमचा उचलला की शेंबडासारखी लांबच लांब तार. किळस येते, पण कारण साधं आहे: ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू साखरेपासून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ करतात. उकाड्यात हे जास्त होतं. विषारी नसतं, पण मी नवीन लावते. आलं काही केशर नाही.

पावसाळ्यात चिलटं फार होतात. फडक्याला बारीकसं भोक असलं तरी ती आत शिरतात आणि पायावरून व्हिनेगरचे जिवाणू आणतात. मग चार दिवसांत बरणीतून व्हिनेगरचा वास. फडकं दुहेरी का, त्याचं उत्तर हे.

विरजणाची कटकट नको. बेकरीचं यीस्ट चालेल?

चालेल. दोन लिटरला पाव चमच्याचाही निम्मा, त्याहून जास्त नको. वेगाने होते, दर वेळी सारखी होते, आणि पावाची चव लागते. घाईच्या वेळी मीही केलं आहे. विरजणाच्या बिअरला जिवाणूंमुळे जी आंबूस बाजू येते ती यात नसते, म्हणून लिंबू थोडं वाढवा.

गावाला जाताना विरजणाचं काय?

चमचाभर साखर-आलं घालून, सैल झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा. दोन-तीन आठवडे तग धरतं. परत आल्यावर बाहेर काढून दोन दिवस खाऊ घाला. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनी गाडीत घेऊन जायचा उत्साह दाखवू नये. आमच्या एका नातेवाइकांनी घट्ट झाकण लावून बरणी नेली. पेणच्या पुढे कुठेतरी गाडीच्या सीटला आल्याचा अभिषेक झाला.

फ्रीजमध्ये बाटली किती दिवस टिकते?

आठवडाभर. फ्रीजमध्येही फसफसणं अगदी हळू चालूच असतं, म्हणून दोन-तीन दिवसांनी झाकण किंचित फिरवून वायू सोडा. दहा दिवसांनंतर ती कोरडी, आंबट आणि थोडी चढणारी होते. तशी आवडणारे लोक आहेत. ते कोण हे मी सांगणार नाही. दिवसात दोन-तीनदा वीज जाते अशा इमारतीत राहत असाल तर चार दिवसांतच संपवा.

उपासाला चालते का?

साहित्य सगळं उपासाचं: आलं, साखर, लिंबू. मी सासूबाईंना हा मुद्दा मांडून पाहिला. त्या म्हणाल्या, "आंबवलेलं चालत नाही." मी दह्याचं उदाहरण दिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि साबुदाणा परतायला घेतला. आमच्याकडे चालत नाही.

उरलेल्या चोथ्याचं काय करायचं?

काढ्यातल्या चोथ्यात साखर मुरलेली असते आणि झणका बराच शिल्लक असतो. मिक्सरमधून काढून साखर घालून आटवला की आलेपाकाच्या वड्या होतात. सर्दीला आमच्याकडे त्याच. विरजणातला चोथा मात्र फार आंबट, तो झाडांना घालते. थोडाच घालायचा, नाहीतर मुंग्या येतात.

तुमच्याकडून विकत मिळेल का?

नाही. कारण वर लिहिलं आहे. विरजण मात्र हवं तर घेऊन जा, सकाळी दहाच्या आत या आणि आपली बरणी आणा. आतापर्यंत माझ्या अकरा बरण्या गेल्या, परत दोन आल्या, आणि त्यातल्या एकीचं झाकण दुसऱ्याच कोणाचं तरी होतं.